पान्हा, सडांचे स्नायू व औषधे

दुभत्या जनावराच्या कासेत साठलेले दूध सडाकडे उतरण्याच्या क्रियेस पान्हा म्हणतात. गाय किंवा म्हैस यांच्या दूध देण्यात तीन निरनिराळ्या क्रिया अंतर्भूत असतात. पहिली क्रिया म्हणजे कासेतील ग्रंथीमय ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहात) दूध तयार होणे. ही दिवसाचे चोवीस तास चालू असते. दुसरी म्हणजे तयार झालेले दूध सूक्ष्म पोकळ्यांतून नलिकांवाटे खाली उतरणे, म्हणजेच पान्हा. तिसरी म्हणजे सडाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून ते बाहेर पडणे, म्हणजे धार. पहिली क्रिया मुख्यतः आनुवंशिकता, आहार, आरोग्य व वेतातील काळ यांवर अवलंबून असते. दुसरी व तिसरी या मात्र स्नायूंच्या क्रिया असून त्यांचे नियंत्रण हॉर्मोने व तंत्रिका (मज्जातंतू) यांच्याकडे असते. स्नायूंवर क्रिया करणारी औषधे त्यामुळे पान्हा व धार यांवर तत्काळ परिणाम घडवितात. दूध उत्पादनावर त्यांचा परिणाम फार मर्यादित असतो. या तीन क्रियांतील भेद लक्षात न घेतल्यामुळेच पान्ह्याच्या औषधांविषयी अनेक गैरसमज निर्माण झाले आहेत.

कासेची रचना : गाय व म्हैस यांच्या कासेचे चार भाग असून प्रत्येक भागास एक सड असतो. प्रत्येक भागाची ग्रंथी स्वतंत्र असते व एका भागातील दूध दुसऱ्यात जात नाही. ग्रंथीमय ऊतकात असंख्य सूक्ष्म, पिशवीसारख्या कूपिका असतात. कूपिकेच्या आतील अस्तराच्या कोशिका रक्तातील द्रव्यांपासून दूध तयार करतात. एक लिटर दूध तयार होण्यासाठी सु. ४०० ते ५०० लिटर रक्त कासेतून वाहावे लागते. प्रत्येक कूपिकेभोवती स्नायूप्रमाणे आकुंचन पावणाऱ्या कोशिकांचे जाळे असते. त्या आकुंचन पावल्या म्हणजे कूपिका पिळल्या जाऊन दूध नलिकांत ढकलले जाते. नलिका एकत्र येऊन सडाच्या वर असलेल्या दुग्धकुंडात उघडतात व त्याखाली सडाची पोकळी असते.

सडाच्या भित्तीत अरेखित (इच्छेच्या अधीन नसलेल्या) स्नायूंचे उभे व वर्तुळाकार धागे असतात. सडाच्या टोकाशी सु. एक सेंमी. लांबीची अरुंद नळी असून तिच्याभोवती वर्तुळाकार स्नायूंचे कडे असते. यास परिसंकोची स्नायू म्हणतात. हे कडे दोन धारांमधील काळात सडाचे तोंड मिटून ठेवते. नळीच्या आतील अस्तरावर केराटिन या शृंगद्रव्याचा थर असतो व तो सूक्ष्मजंतूंना अटकाव करतो. सडाचे हे टोक म्हणजे कासेचा दरवाजा होय. तो घट्ट असल्यास धार काढणे कष्टाचे होते. सैल असल्यास दूध आपोआप गळते व कासदाहाची (दगडी रोगाची) भीती वाढते. धारेला जड व धारेला हलकी असे जनावरांचे जे दोन प्रकार गोठ्यात ओळखले जातात, त्यांच्यातील फरक मुख्यतः या नळीची रुंदी व स्नायूंचा ताण यांत असतो. हे गुण बऱ्याच अंशी आनुवंशिक असतात.

बारा तासांनी धार काढावयाच्या वेळी गाईच्या कासेतील दुधापैकी सर्वसाधारणपणे एक पंचमांश किंवा त्याहून कमी दूध दुग्धकुंडात व सडात असते. उरलेले चार पंचमांश कूपिकांत व बारीक नलिकांत अडकलेले असते. कुंडातील दूध पान्ह्याविनाही हाताने काढता येते. कूपिकांतील दूध मात्र पान्हा फुटल्याशिवाय खाली येत नाही. म्हशीमध्ये कुंडातील दुधाचे प्रमाण सु. ५ टक्के इतके अल्प असते. म्हणून पान्हा न सोडलेली म्हैस जवळजवळ कोरडीच राहते.

पान्ह्याची यंत्रणा : वासराने सडाला तोंड लावले, कास धुतली किंवा सड चोळले म्हणजे सडाच्या त्वचेतील संवेदी तंत्रिका उत्तेजित होतात. हे संदेश मेरुरज्जूमार्गे मेंदूतील अधोथॅलॅमस या भागाकडे जातात. तेथे तयार होऊन पोष ग्रंथीच्या पश्च खंडात साठविलेले ऑक्सिटोसीन हे हॉर्मोन रक्तात सोडले जाते व रक्तावाटे कासेत पोहोचून कूपिकांभोवतीच्या कोशिकांचे आकुंचन घडविते. उत्तेजन मिळाल्यापासून दूध उतरेपर्यंत गाईमध्ये सु. ४० सेकंद ते दोन मिनिटे लागतात. कास भरलेली असल्यास हा काळ कमी व अर्धवट भरलेली असल्यास जास्त असतो. म्हशीमध्ये तो बहुधा दोन मिनिटांहून अधिक असतो. रक्तातील ऑक्सिटोसीन काही मिनिटांतच निम्म्याने नष्ट होते. परंतु धार चालू असेपर्यंत सडांना उत्तेजन मिळत राहिल्यास त्याचा स्राव चालू राहतो.

ही प्रतिक्षेपी (इच्छेविना घडणारी) क्रिया सवयीने अन्य खुणांशी जोडली जाते. वासराचे हंबरणे, आंबोणाची पाटी, चरवीचा आवाज किंवा ओळखीच्या माणसाची चाहूल एवढ्यानेही काही जनावरे पान्हा सोडतात. उलट भय, वेदना, अनोळखी जागा किंवा धार काढणाऱ्यातील बदल यांमुळे पान्हा अडतो. जनावर ‘पान्हा चोरते’ असे जे म्हटले जाते, त्यात चोरीचा हेतू नसतो. बहुतेक वेळा मेंदूकडून ऑक्सिटोसीन सोडलेच गेलेले नसते.

संशोधनाचा इतिहास : पोष ग्रंथीच्या पश्च खंडाच्या अर्काने गर्भाशयाचे आकुंचन होते, हे हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये दाखविले. याच अर्काने शेळीच्या कासेतून दूध वाहू लागते, असे ऑट व स्कॉट यांना १९१० मध्ये आढळले. प्रारंभी या अर्कामुळे दूध तयार होते असा समज झाला होता. दूध तयार होणे व दूध बाहेर ढकलले जाणे या निरनिराळ्या क्रिया आहेत, हे अमेरिकेतील गेन्स यांनी १९१५ मध्ये स्पष्ट केले. १९४१ मध्ये ईली व पीटरसन यांनी केलेला प्रयोग विशेष प्रसिद्ध आहे. त्यांनी कासेच्या एका बाजूच्या तंत्रिका कापून टाकल्या. तरीही दोन्ही बाजूंना पान्हा फुटला. यावरून कासेला मिळणारा हुकूम तंत्रिकांवाटे न येता रक्तावाटे येतो, हे सिद्ध झाले. त्यांनी गाईंना कागदी पिशव्या फोडून भेदरविले, तेव्हा पान्हा अडला. ॲड्रेनॅलीन टोचल्यावरही तसेच घडले.

ऑक्सिटोसीन हे नऊ ॲमिनो अम्लांचे बनलेले पेप्टाइड असून गाय व मनुष्य यांच्यात त्याची संरचना एकच असते. व्हिन्सेंट द्यू व्हीन्यो यांनी १९५३ मध्ये त्याची संरचना निश्चित करून ते प्रयोगशाळेत तयार केले. बहुपेप्टाइड हॉर्मोनाचे हे पहिलेच संश्लेषण होय. या कार्याचा समावेश असलेल्या संशोधनाबद्दल त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या संश्लेषणानंतर कृत्रिम ऑक्सिटोसीन सूतिकागृहांत उपलब्ध झाले व पुढे ते गोठ्यांतही पोहोचले.

सडाच्या स्नायूंचे नियंत्रण : कूपिकांभोवतीच्या कोशिका हॉर्मोनाच्या हुकमाने चालतात, तर सडाचे अरेखित स्नायू अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या (भय, श्रम, संकट अशा प्रसंगी शरीरास सज्ज करणाऱ्या तंत्रिकांच्या जालाच्या) अधीन असतात. कासेला परानुकंपी तंत्रिकांचा पुरवठा आढळत नाही. अनुकंपी तंत्रिकांच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलीन व अधिवृक्क ग्रंथीतून ॲड्रेनॅलीन सुटते. ही द्रव्ये स्नायुकोशिकांवरील ग्राहींना (रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंना) चिकटून क्रिया करतात. ग्राहींचे आल्फा व बीटा असे दोन मुख्य वर्ग असून त्यांचे परिणाम परस्परविरुद्ध असतात. आल्फा ग्राही उत्तेजित झाले असता सडाचे स्नायू व रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बीटा ग्राही उत्तेजित झाले असता स्नायू शिथिल होतात. या विषयावर बेल्जियममधील गेंट व स्वित्झर्लंडमधील बर्न येथील पशुवैद्यक संशोधकांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महत्त्वाचे कार्य केले. काही गाईंची धार जात्याच वेगवान का असते, याचे एक कारण सडातील या दोन प्रकारच्या ग्राहींच्या परस्परप्रमाणात असल्याचे त्यातून दिसून आले.

औषधांचे परिणाम : पान्हा व धार यांवर परिणाम करणाऱ्या औषधांचे त्यांच्या क्रियास्थानानुसार पुढीलप्रमाणे गट पडतात.

(१) ऑक्सिटोसीन : हे कूपिकांभोवतीच्या कोशिकांवर प्रत्यक्ष क्रिया करते. शिरेतून दिल्यास एक मिनिटाच्या आतबाहेर पान्हा फुटतो. नैसर्गिक पान्ह्याइतका परिणाम घडविण्यास शिरेतून दिलेले एक आंतरराष्ट्रीय एककाहूनही कमी ऑक्सिटोसीन पुरते. प्रत्यक्षात उपचारासाठी १० ते २० एकके दिली जातात. म्हणजे रक्तातील पातळी नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट वर जाते. धार संपल्यावरही कासेत नेहमी काही दूध शिल्लक राहते. ते एकूण दुधाच्या सु. १० ते २० टक्के असून त्यात स्निग्धांश पुष्कळ असतो. ऑक्सिटोसीन टोचल्यास हे शिलकी दूधही उतरते. त्यामुळे त्या वेळी दूध वाढल्याचा व फॅट चढल्याचा भास होतो. वस्तुतः ते आधीच तयार झालेले दूध असते. कास नेहमी पूर्ण रिकामी केल्याने दूध तयार होण्यास काहीसे उत्तेजन मिळते व काही प्रयोगांत तशी वाढ नोंदली गेली आहे. परंतु ही वाढ रिकामेपणाची असते आणि तिला लागणारा चारा व खुराक जनावरास मिळाला नाही, तर ती त्याच्या अंगावरच येते.

(२) आल्फा ग्राहींना उत्तेजित करणारी औषधे : फेनिलेफ्रिनासारखी औषधे दिली असता सड आक्रसतो, नलिका व सडाचे तोंड अरुंद होते आणि ऑक्सिटोसीन रक्तात भरपूर असूनही धारेचा वेग मंदावतो. दूध कुंडापर्यंत आलेले असते, पण दरवाजा उघडत नाही. ॲड्रेनॅलिनाच्या मोठ्या मात्रेने असाच परिणाम होतो व शिवाय कासेकडील रक्तप्रवाह घटल्याने ऑक्सिटोसीन तेथे कमी पोहोचते. भेदरलेल्या जनावराची धार बारीक होते, त्यात या परिघीय (कासेच्या ठिकाणी घडणाऱ्या) अवरोधाचा वाटा असतो. आल्फा ग्राहींना रोखणाऱ्या फेंटोलामीन, प्राझोसीन यांसारख्या द्रव्यांनी हा परिणाम टाळता येतो.

(३) बीटा ग्राहींना उत्तेजित करणारी औषधे : आयसोप्रेनॅलीन दिल्यास सडाचे स्नायू ढिले पडून धारेचा कमाल वेग वाढतो. प्रोप्रॅनोलॉल या बीटा अवरोधकाने उलट परिणाम होतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वेग वाढला तरी मिळणारे एकूण दूध वाढत नाही. ते केवळ लवकर निघते. शिवाय या औषधांनी हृदयाचे ठोके वाढतात व ती दुधात उतरू शकतात. म्हणून ती संशोधनापुरती मर्यादित असून जड धारेवरील नित्याचा उपाय म्हणून त्यांना स्थान नाही. याच वर्गातील क्लेनब्यूटेरॉल अवघड प्रसूतीत गर्भाशय शिथिल करण्यासाठी काही देशांत पशुवैद्यकात वापरले जाते. तेथे ते ऑक्सिटोसिनाच्या विरुद्ध क्रिया करते.

(४) ऑक्सिटोसिनाचे अवरोधक : ॲटोसिबॅनसारखी द्रव्ये ऑक्सिटोसिनाच्या ग्राहींना व्यापून टाकतात. ती दिल्यावर गाईचे फक्त कुंडातील दूध मिळते. कुंडातील व कूपिकांतील दुधाचे प्रमाण मोजण्यास ही पद्धत उपयोगी पडली आहे.

(५) मेंदूवर क्रिया करणारी औषधे : मॉर्फिनासारखी अफूजन्य औषधे ऑक्सिटोसिनाचा स्राव दडपतात. पान्हा मेंदूतच अडलेला असल्यास बाहेरून ऑक्सिटोसीन टोचल्यावर दूध उतरते; सडाचे तोंड आक्रसलेले असल्यास तेवढ्याने भागत नाही. अडथळा नेमका कोठे आहे, हे पशुवैद्य या फरकावरून ओळखू शकतो.

(६) कॅल्शियम : स्नायूंच्या आकुंचनास कॅल्शियम आवश्यक असते. व्याल्यानंतर लगेच रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्यास दुग्धज्वर होतो. या विकारात नावाप्रमाणे ताप नसतो. उलट अंग थंड पडते व जनावर बसून राहते. अशा वेळी सडाचा परिसंकोची स्नायूही दुबळा होऊन सडाचे तोंड नीट मिटत नाही व जमिनीवर टेकलेल्या कासेत जंतू शिरण्यास वाव मिळतो. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून सावकाश देणे हा यावरील प्रचलित उपचार असून तो पशुवैद्यानेच हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष ठेवून करावयाचा असतो.

म्हैस व कोल्हापूर परिसर : म्हशीच्या सडाची नळी गाईपेक्षा लांब व तिच्या भोवतालचे स्नायूंचे कडे अधिक घट्ट असते. त्यामुळे म्हशीत कासदाहाचे प्रमाण तुलनेने कमी, पण धार काढणे अधिक कष्टाचे असते. कुंडातील दूध अल्प व पान्हा उशिराचा, यामुळे म्हशीच्या धारेत घाई चालत नाही. दक्षिण महाराष्ट्रातील पंढरपुरी ही जात या बाबतीत उल्लेखनीय आहे. लांब, तलवारीसारख्या शिंगांची ही म्हैस सोलापूर, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांत आढळते. कोल्हापूर शहरात गंगावेशीसारख्या ठिकाणी दूध कट्ट्यांवर गवळी आपल्या म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून धारोष्ण दूध देत आले आहेत. रस्त्यावरची वर्दळ, निरनिराळी माणसे व थोड्याथोड्या दुधासाठी पुनःपुन्हा बसणे, हे सर्व पान्ह्याला प्रतिकूल असूनही या म्हशी दूध देतात. ओळखीचा धनी, ठरलेली जागा व ठरलेला क्रम यांची सवय पान्ह्याच्या प्रतिक्षेपाला किती बळ देते, याचे हे चांगले उदाहरण होय.

हातकणंगले तालुक्यातील कबनूर हे इचलकरंजी या यंत्रमागाच्या शहराला लागून असलेले गाव आहे. अशा गावांतून शेती, यंत्रमाग व दूध हे व्यवसाय एकाच कुटुंबात शेजारी नांदतात. घरालगतच्या गोठ्यात दोन-चार जनावरे असतात आणि सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी दूध संस्थेत पोहोचवावे लागते. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने (‘गोकुळ’) व वारणानगर येथील सहकारी दूध संघाने या जिल्ह्यात असे संकलन गावोगाव रुजविले. दुधाचा दर फॅट व स्निग्धेतर घन पदार्थ यांवर ठरत असल्याने अर्धवट पान्ह्याचा तोटा दुहेरी असतो. दूध कमी भरते आणि शेवटच्या धारांतील स्निग्धांश कासेतच राहतो. मागांचा एकसुरी खडखडाट जनावराच्या अंगवळणी पडला, तर त्याने पान्हा अडत नाही. अवचित होणारा मोठा आवाज, धार काढणारा माणूस बदलणे किंवा पाळीची वेळ गाठण्यासाठी केलेली ओढाताण यांनी मात्र तो अडतो. अशा प्रसंगी सुई हा सर्वांत जवळचा उपाय वाटू लागतो.

फुंका : पान्हा जबरीने उतरविण्याची प्रथा औषधांहून फार जुनी आहे. जनावराच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकण्याच्या या प्रकाराला भारतात फुंका म्हणत. सिथियन लोक घोड्यांच्या बाबतीत हाडाच्या नळीने असे करीत, असे वर्णन ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस यांनी इ. स. पू. पाचव्या शतकात केले आहे. योनिमार्ग ताणला गेला असता पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसीन सुटते, हे या क्रूर प्रथेमागील शरीरक्रियावैज्ञानिक कारण होय. कलकत्त्यातील गवळीवाड्यांत गाई-म्हशींचा होणारा हा छळ वाचून महात्मा गांधींच्या मनात दुधाविषयी विरक्ती आली व १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. १९१८ च्या मोठ्या आजारानंतर त्यांनी शेळीचे दूध घेण्यास प्रारंभ केला. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम १२ नुसार फुंका हा गुन्हा आहे. १९८२ मधील दुरुस्तीने त्यात ‘डूम देव’ ही प्रथा आणि जनावराच्या आरोग्यास अपायकारक अशी, दूध वाढविण्यासाठी केलेली अन्य कोणतीही क्रिया, द्रव्य टोचण्यासह, अंतर्भूत करण्यात आली. या गुन्ह्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात व जनावर शासनजमा होते.

ऑक्सिटोसिनाच्या नित्य वापराचे दुष्परिणाम : मोठ्या शहरांच्या तबेल्यांत जागेच्या व दुधाच्या किमतीमुळे रेडकू पोसणे परवडत नाही, असा हिशेब केला जातो. नर रेडकांची तर अधिकच हेळसांड होते. रेडकू मेले म्हणजे म्हैस पान्हा सोडत नाही आणि मग रोज दोन वेळा सुई टोचली जाते. पूर्वी यासाठी मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते आईपुढे ठेवीत. सुईची जागा या सोंगाने घेतली जात होती. आता सोंगाची जागा सुईने घेतली आहे.

ऑक्सिटोसीन दीर्घकाळ नित्य दिल्यास पुढील अपाय संभवतात : (अ) कूपिकांभोवतीच्या कोशिका मोठ्या मात्रेला सरावतात व जनावराच्या स्वतःच्या ऑक्सिटोसिनाला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. सुई बंद केली की पान्हा अपुरा पडतो. सुईविना दूध न देणारे जनावर असे तयार होते. (आ) अतिरिक्त मात्रेमुळे कूपिकांच्या अस्तरातील कोशिकांमधील घट्ट सांधे सैल होतात; दुधातील सोडियम व क्लोराइड यांचे प्रमाण वाढते. (इ) ऑक्सिटोसीन गर्भाशयावर व प्रजननचक्रावरही क्रिया करते. माजानंतरच्या पहिल्या आठवड्यात ते टोचल्यास कालवडींचे माजाचे चक्र अकाली आटोपते, हे आर्मस्ट्राँग व हॅन्सेल यांनी १९५९ मध्ये दाखविले. (ई) न उकळलेल्या व अनेक जनावरांना वापरलेल्या सुईमुळे गळवे होतात व रोग पसरतात.

असे दूध पिणाऱ्या माणसांवर, विशेषतः मुलांवर, ऑक्सिटोसिनाचे दुष्परिणाम होतात ही समजूत सर्वत्र पसरली आहे. परंतु ऑक्सिटोसीन हे पेप्टाइड असल्याने पचनमार्गात अन्य प्रथिनांप्रमाणे त्याचे विघटन होते. बिनाचिठ्ठीच्या बाटल्यांतून चोरून विकल्या जाणाऱ्या द्रावणात दुसरे काय आहे, याची मात्र शाश्वती नसते. मुख्य अपाय जनावराला होतो आणि तो सिद्ध होण्यासाठी माणसाच्या अपायाचा आधार लागत नाही.

कायदेशीर नियंत्रण : भारतात ऑक्सिटोसीन हे अनुसूची ‘एच’ मधील औषध असून चिठ्ठीशिवाय त्याची विक्री करता येत नाही. गैरवापर थांबविण्यासाठी केंद्र शासनाने २७ एप्रिल २०१८ रोजी अधिसूचना काढून देशांतर्गत वापरासाठी त्याचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रापुरते मर्यादित केले. त्यानुसार बंगळूरू येथील कर्नाटक अँटिबायॉटिक्स अँड फार्मास्युटिकल्स लिमिटेड ही एकच कंपनी ते पुरविणार होती. या निर्बंधाची अंमलबजावणी प्रथम १ जुलै व नंतर १ सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलण्यात आली. दिल्ली उच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०१८ रोजी ही अधिसूचना रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१९ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविला. या वादाच्या मुळाशी औषधाचे दुहेरी महत्त्व आहे. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक प्रमुख कारण असून तो टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना प्रत्येक प्रसूतीनंतर १० एकके ऑक्सिटोसीन देण्याची शिफारस करते. हे औषध २° ते ८° से. तापमानात ठेवावे लागते. गोठ्यातील गैरवापर रोखताना ग्रामीण सूतिकागृहातील पुरवठा तुटू नये, हा यातील खरा पेच होय.

पशुवैद्यकातही ऑक्सिटोसिनाला योग्य स्थान आहे. पहिलारू कालवड व्याल्यानंतर पान्हा न सोडणे, कासदाहात दूषित दूध पूर्ण काढून टाकणे, प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचित करणे यांसाठी पशुवैद्य ते थोडे दिवस व मोजक्या मात्रेत देतो.

औषधाविना उपाय : पान्हा अडण्याची बहुतेक कारणे गोठ्यातच सापडतात व तेथेच दूर करता येतात. धार ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी व शक्यतो एकाच माणसाने काढावी. जनावराला मारणे, ओरडणे टाळावे. कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी करावी व सड अर्धा ते एक मिनिट हलक्या हाताने चोळावे; म्हशीस याहून अधिक वेळ द्यावा. सड फुगून ताठर झाले म्हणजे पान्हा आला असे समजावे व मगच धार सुरू करावी. संपूर्ण मुठीने धार काढणे उत्तम. अंगठा दुमडून किंवा चिमटीने ओढल्यास सडाच्या आतील अस्तरास इजा होऊन दुखऱ्या सडामुळे पान्हा आणखी अडतो. यंत्राने धार काढताना निर्वात पाऱ्याच्या सु. ३०० ते ३८० मिमी. इतका ठेवतात. पान्ह्यापूर्वीच यंत्र लावणे किंवा दूध संपल्यावर ते लावून ठेवणे यांनी सडाचे टोक खरखरीत होते व त्याची मिटण्याची शक्ती घटते. जड धारेवर उपाय म्हणून सडात काडी किंवा तार घालणे अत्यंत धोक्याचे असते. नळी अरुंद असल्यास शस्त्रक्रियेचा निर्णय पशुवैद्याने घ्यावा. रेडकू दगावल्यास सुई सुरू करण्याऐवजी आंबोण पुढे ठेवून व सड चोळून काही दिवस धीराने नवी सवय लावावी. पहिल्या वेतापासूनच वासराविना धार देण्याची सवय लावलेल्या जनावरांत ही अडचण उद्‌भवत नाही.

धार संपल्यावर सडाचे तोंड पूर्ण मिटण्यास अर्धा तास ते दोन तास लागतात. या काळात सड सौम्य आयोडीन द्रावणात बुडवावेत व पुढे चारा टाकून जनावर उभे ठेवावे, म्हणजे उघड्या सडात गोठ्यातील जंतू शिरत नाहीत.